खानापूर-बेळगाव रोज ६० किलोमीटर, वर कोल्हापूर आणि गोवा: इलेक्ट्रिक गाडी जमेल काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरजवळच्या गावात राहायला, रोज बेळगावला कामाला येऊन-जाऊन ६० किलोमीटर, महिन्यातनं एक-दोनदा सासरवाडी कोल्हापूर आणि अधनंमधनं चोर्ला घाटाच्या रस्त्यानं गोवा. ४० युनिटच्या आसपास बॅटरीची गाडी बघून ठेवलीय. शोरूमवाले म्हणतात रोज शंभर टक्के करा, मित्र म्हणतो ऐंशीच्या वर गेलात की बॅटरी मेली, गावात पावसाळ्यात करंटचा भरवसा नाही आणि ब्रोशरमधल्या रेंजमधली खरी किती हातात येते ते कोणी नीट सांगत नाही.

जमेल. मी स्वतः इलेक्ट्रिक गाडी वापरतो आणि माझा धंदाच वायरिंगचा आहे, बेळगाव-खानापूर-हुक्केरी भागात घरोघरी चार्जिंग पॉइंट बसवून देतो, त्यामुळं गाडीची बाजू आणि भिंतीची बाजू दोन्ही रोज बघायला मिळतात. आणि दोन्ही बघून सांगतो, तुमची खरी अडचण रेंज नाहीच. रोजच्या ६० किलोमीटरला आज बाजारात असलेली कुठलीही इलेक्ट्रिक गाडी पुरून उरते. तुमची खरी अडचण म्हणजे गाडी रात्री जिथं उभी राहणार तिथला सॉकेट, तिथलं अर्थिंग आणि तिथलं व्होल्टेज. ते नीट असेल तर रेंजची काळजी तुम्हाला फक्त गोव्याच्या दिवशी करायला लागेल, आणि ते नीट नसेल तर ६० युनिटची बॅटरी घेतली तरी रोज रडारड.

आधी हिशोब. बॅटरीचा एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या मीटरवरचा एक युनिट, म्हणून मी सगळं युनिटमध्येच सांगतो. खानापूर-बेळगाव रस्त्यावर ६०-७० च्या स्पीडनं गेलात तर या साईजच्या गाडीला किलोमीटरला साधारण १३०-१४० वॅट-अवर लागतात, म्हणजे ६० किलोमीटरला आठ-साडेआठ युनिट. भिंतीतनं गाडीत जाताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, तेव्हा मीटरवर साडेनऊ-दहा युनिट पडणार. साध्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर पोर्टेबल चार्जर तीन किलोवॅटच्या आतबाहेर ओढतो, तर तुमचा रोजचा खुराक साडेतीन-चार तासात भरून निघतो. रात्री दहाला लावला की दोनला झालं. म्हणून ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स घेतलाच पाहिजे असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याला ३२ अँपिअर लागतात, सँक्शन लोड (मीटरला मंजूर असलेला लोड) वाढवून घ्यायला लागतो, आणि लोड वाढला की वापरा न वापरा फिक्स्ड चार्ज दर महिन्याला वाढतो. रोज दीडशे किलोमीटर पळणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

आता एक गोष्ट जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही, आणि कर्नाटकात राहणाऱ्यानं आधी बघायला पाहिजे. रोज दहा युनिट म्हणजे पंचवीस दिवसांचे अडीचशे युनिट नुसत्या गाडीचे झाले. तुमच्या घराला गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, लागू असेल तर ती २०० युनिटच्या आतच आहे, त्याच्या वर गेलात की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं, नुसतं वरच्या युनिटचं नव्हे. म्हणजे घरच्याच मीटरवर गाडी लावली की आजपर्यंत शून्य येत होतं ते घराचं बिलपण अंगावर आलं. गाडीचा खर्च काढताना हे धरलंच पाहिजे. यावर उपाय म्हणजे गाडीसाठी वेगळं कनेक्शन, वेगळा मीटर, वेगळा आरआर नंबर (बिलावरचा ग्राहक नंबर). हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, दरपत्रकात ईव्ही चार्जिंगला वेगळी श्रेणी आहे. तुमच्या सेक्शन ऑफिसात जाऊन सध्याचा दर, डिपॉझिट आणि फिक्स्ड चार्ज विचारून घ्या, मग कागदावर दोन्ही बाजू मांडा. घरचा वापर मुळातच दोनशेच्या वर असणाऱ्याला वेगळ्या मीटरचा फार फायदा नसतो, घरचा वापर ऐंशी-नव्वद युनिट असणाऱ्याला मात्र चांगलाच असतो.

आता सॉकेट. माझ्याकडे गाडीची म्हणून येणारी जास्तीत जास्त तक्रार गाडीची नसतेच, ती या तीन भोकांच्या सॉकेटची असते. इस्त्री पंधरा मिनिटं चालते, गीझर अर्धा तास, गाडी मात्र सलग चार-सहा तास एकाच करंटनं ओढत राहते. आत स्क्रू जरा जरी सैल असला तर तिथं गरम होतं, गरम झालं की पितळी पट्टी ढिली होते, ढिली झाली की अजून गरम. सॉकेटच्या फेजच्या भोकाभोवती तपकिरी कडा दिसायला लागली, प्लग काढताना त्याची पिन बोटाला चटका देते किंवा जळक्या बॅकेलाईटचा मासळीसारखा वास येतो, तर त्या दिवसापासून तो पॉइंट बंद. नवीन पॉइंट टाकताना मेन बोर्डपासून स्वतंत्र लाईन ओढा, ४ एमएम तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा) टाईप ए मधला, आणि सॉकेट इंडस्ट्रियल दर्जाचा. मधे जोड नको, एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको, आणि पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हात लावून बघा. कोमट चालतं, हात ठेववत नाही इतका तापला तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अर्थिंगबद्दल खानापूर भागात जास्तच बोलायला लागतं. तुमच्याकडे जांभा आणि मुरमाड जमीन, पाणी धरत नाही, त्यामुळं पावसाळ्यात अर्थिंग एकदम झकास आणि एप्रिल-मेमध्ये तेच अर्थिंग वाळून बसतं. चिकोडी, बैलहोंगलकडच्या काळ्या जमिनीत हा त्रास कमी. गाडीचा चार्जर अर्थिंग बघितल्याशिवाय चालूच होत नाही, लाल दिवा दाखवून बसतो आणि लोकं सर्व्हिस सेंटरला फोन लावतात की नवीन गाडी बिघडली. गाडी चांगली असते ओ, खड्डा वाळलेला असतो. मल्टिमीटर घ्या, न्यूट्रल आणि अर्थच्या मधे व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, दहा-पंधरा दाखवत असेल तर अर्थिंग नाहीतर न्यूट्रल यातलं काहीतरी कमकुवत आहे. आणि हे मोजमाप दुपारी नको, संध्याकाळी सात-आठला करा, गावात सगळ्यांचे दिवे-टीव्ही-मिक्सर चालू असताना, कारण कमकुवत न्यूट्रल तेव्हाच उघडा पडतो. अर्थिंगचा खड्डा नवीन करून घेतलात तर उन्हाळ्यात आठवड्यातनं एकदा बादलीभर पाणी ओतायचं.

व्होल्टेज कमी असलं तर गाडी बिघडत नाही, चार्जिंग हळू होतं एवढंच. चार्जर ठरलेल्या अँपिअरच्या वर ओढत नाही, म्हणून २३० ला जिथं तीन किलोवॅट मिळतात तिथं १८० ला सव्वादोन-अडीच मिळतात, आणि फारच खाली गेलं की चार्जर स्वतःच थांबतो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मध्यरात्रीनंतर सुधारतं, म्हणून गाडीत टायमर असेल तर अकरा-बाराच्या पुढचा लावून ठेवा. पण पावसाळ्यात टायमरच्या नादाला लागू नका. जूनपासून जांबोटी-कणकुंबी-खानापूर पट्ट्यात वारा आणि पाऊस कसा असतो तुम्हाला मी काय सांगू, झाड तारेवर पडलं की लाईनमनला तिथं पोचायलाच दिवस जातो. त्या तीन महिन्यात मी एकच गोष्ट पाळतो, करंट आहे तोवर लावून घ्यायचं, बॅटरी निम्म्याच्या खाली ठेवून झोपायचं नाही. निम्मी बॅटरी म्हणजे तुमचे दोन दिवस बेळगावला जाऊन यायची सोय, आणि बेळगावात फास्ट चार्जर आहेतच, अगदीच गरज पडली तर कामावरनं येताना अर्धा तास तिथं.

जनरेटरवर लावू काय असं बरेच जण विचारतात. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा अर्थला बांधलेला नसतो, त्यामुळं चार्जरला अर्थिंग सापडत नाही आणि तो चालू होत नाही, आणि त्यासाठी कोणीतरी जुगाड करून देतो म्हणाला तर करून घेऊ नका. घरचा बॅटरी-इन्व्हर्टर तर विसराच, त्याच्या बॅटरीत सगळा मिळून एक-दीड युनिट असतो. छतावर सोलर असेल तरी ग्रिडला जोडलेला सोलर करंट गेला की स्वतः बंद होतो, तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बिल कमी करायला सोलर चांगला, करंट गेल्यावर गाडी भरायला तो उपयोगाचा नाही. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, बोर्डात सर्ज प्रोटेक्टर असला तरी.

आता शंभर की ऐंशी. शोरूमवाला आणि तुमचा मित्र दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण हे बॅटरीत सेल कुठला आहे त्यावर आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असेल तर त्याचं व्होल्टेज चार्जिंगच्या मधल्या सगळ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळं गाडीच्या कॉम्प्युटरला नक्की किती टक्के आहे याचा अंदाज लागत नाही, आणि अधनंमधनं शंभरपर्यंत नेलं की तो आकडा जाग्यावर येतो, सेलपण एकमेकांच्या बरोबरीला येतात. म्हणून अशा गाड्यांच्या पुस्तकात ठराविक दिवसांनी हळू चार्जरवर पूर्ण भरा असं लिहिलेलं असतं. ते न केल्यामुळं वीस टक्के दाखवणारी गाडी एकदम आठवर येते आणि मालक घाबरतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल असेल तर मात्र रोज सत्तर-ऐंशीवर थांबवणं बॅटरीला खरोखर चांगलं, शंभर फक्त लांब जायच्या आदल्या रात्री. तुम्ही बघितलेल्या गाडीत कुठला सेल आहे ते डीलरकडनं लेखी घ्या.

मी स्वतः, एलएफपीवाला, रोज ऐंशी-नव्वदच्या आसपास थांबवतो आणि रविवारी सकाळी शंभर करतो. सेल कुठलाही असो, दोन गोष्टी टाळायच्या. भरून शंभर टक्के करून मे महिन्याच्या उन्हात गाडी आठवडाभर तशीच उभी करायची नाही, आणि पाच-सात टक्क्यांवर आणून दोन-चार दिवस विसरायची नाही. गावाला जाताना गाडी घरी ठेवणार असाल तर निम्म्यावर ठेवून जा. रोज लावायची का दर दोन दिवसांनी, यानं फार फरक पडत नाही, रोज थोडं थोडं लावलेलं बॅटरीला उलट बरंच.

ब्रोशरच्या रेंजवर फार चिडू नका. ती भारतीय चाचणी ठराविक पद्धतीनं होते, रोलरवर, वेग जास्तीत जास्त ९०, सरासरी त्याच्या कितीतरी खाली. दोन गाड्या एकमेकांशी ताडून बघायला ती कामाची, आपला रस्ता ठरवायला नाही. साधारण दोन-तृतीयांश धरा, हायवेवर त्याहून कमी. कारण वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० वरनं १०० ला गेलात की तो दीडपटीच्या वर जातो. कोल्हापूर बेळगावपासून ११० किलोमीटरच्या आसपास, ८० नं गेलात तर पंधरा युनिट, १०० नं तेच वीसच्या जवळ. वेळ वाचतो पंधरा-सोळा मिनिटं. मी ८५ धरून जातो आणि नोव्हेंबर-मार्चमध्ये ऊसाच्या ट्रॉल्या लागल्या की आपोआपच त्याच्या खाली असतो. एसीची धास्ती मात्र उगाच घेतलेली असते, तासाला एखादा युनिट खातो, हायवेवर ते जाणवतही नाही, गावात रेंगाळणाऱ्या ट्रॅफिकमध्ये जरा जाणवतं.

कोल्हापूर जायला सोपं, यायला किंचित जड. कोल्हापूर बेळगावपेक्षा दीड-दोनशे मीटर खाली आहे, त्यामुळं परत येताना तवंदी आणि वंटमुरीचे चढ धरून साधारण एक युनिट जास्त लागतो. खानापूरहून निघालात तर जाता-येता मिळून पन्नास-पंचावन्न किलोमीटर अजून, म्हणजे सगळं जाऊन-येऊन पावणेतीनशे, एका चार्जमध्ये धरू नका. सासरवाडीला रात्रभर राहणार तर तिथल्या एसीच्या पॉइंटवर लावा, पण आधी सॉकेट टेस्टर घालून अर्थिंग बघा. जुन्या घरात पॉइंट दिसतो पंधरा अँपिअरचा आणि मागं वायर असते अडीच एमएमची. चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर आठ-दहा अँपिअरवर ठेवा, रात्र मोठी असते, भरतं. अजून एक, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर येतं, २०१९ ला आणि २०२१ ला वाहतूक बंद झाली होती. मोठ्या पावसाच्या दिवसात लांबचा वळसा पडू शकतो हे धरून तीस-चाळीस टक्के जास्तीचे ठेवूनच निघा.

गोव्याला खरी अक्कल लावायला लागते. बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटरवर, पणजी समुद्राला लागून. चार माणसं आणि सामान धरून सतराशे किलोची गाडी साडेसातशे मीटर उचलायला निव्वळ साडेतीन युनिट लागतात, मोटरमधलं नुकसान धरून चार. हे रस्त्यावर पळायला लागतात त्याच्या वर. बेळगावहून चोर्ल्यानं पणजी साधारण १२० किलोमीटर. जाताना घाट उतरताना रिजन (गाडी हळू करताना मोटरच वीज तयार करून बॅटरीत घालते ते) थोडं परत देतं, त्यामुळं चौदा-पंधरा युनिटात पोचता आणि स्क्रीन बघून वाटतं, अरे वा, इतक्यातच परतपण जाऊ. परतीला तेच अंतर वीस-एकवीस मागतं. म्हणून गोव्यातनं निघताना स्क्रीनवरचे किलोमीटर बघायचे नाहीत, टक्के बघायचे. तो किलोमीटरचा आकडा गाडी मागच्या पळण्यावरनं काढते, आणि तुमचं मागचं पळणं उताराचं आणि किनाऱ्यावरच्या सपाटीचं असतं. ४० युनिटच्या गाडीत पणजीतनं सत्तर टक्क्यांच्या खाली मी निघत नाही.

हॉटेल बुक करतानाच चार्जिंग पॉइंट आहे काय विचारा, रात्रभर तिथं लावलं की काहीच प्रश्न नाही. फास्ट चार्जरवर जायचं तर घाटाच्या आधी, खालीच, आणि तिथं ऐंशीनंतर थांबायचं नाही, पुढचे वीस टक्के पहिल्या पन्नासाइतका वेळ खाऊ शकतात. बोर्डावर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी गाडी तिला झेपतं तेवढंच घेते, ३० नं घेतलं तर दहावरनं ऐंशीला तासभर धरा. बाहेरचा युनिट घरच्यापेक्षा बराच महाग पडतो, पण महिन्यातनं एखाद्या वेळेला ते काही जास्त नाही. ॲपमध्ये पैसे आधीच भरून ठेवा, चोर्ल्याच्या जंगलात मोबाईलला रेंज मिळत नाही आणि घाटात आल्यावर पुढचा चार्जर शोधायला जाल तर पान उघडणार नाही. उतरताना रिजन वरच्या लेव्हलला ठेवा, ब्रेक थंड राहतात. शंभर टक्के असताना रिजन चालत नाही हे खरं, पण खानापूर-जांबोटीकडनं घाटमाथ्यावर पोचेपर्यंत बॅटरीत तेवढी जागा झालेली असते, त्याची चिंता नको.

म्हणजे तुमच्या बाबतीत गाडी बदलायची नाही, आधी घरची लाईन बघायची. तुमच्या घराचं महिन्याचं युनिट, मीटरचा सँक्शन लोड, बोर्डापासून गाडी उभी करायच्या जागेचं अंतर, आणि संध्याकाळचं न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज एवढं कळवा. अंतर वीस मीटरच्या वर असेल तर ४ एमएमच्या जागी ६ एमएम घ्यायला सांगेन. गाडीचा ॲडव्हान्स त्यानंतर भरा.